क्रँक धरणारी माझी जाऊ

माझ्या थोरल्या जाऊला आमच्या गल्लीत सगळे काटेवाली म्हणतात. लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, बाई टोचून बोलणारी असेल. टोचून बोलणारी मी आहे. तिचं तोंड म्हणजे कुलूप घातलेलं कपाट. नाव पडलं ते आमच्या दुकानातल्या डायल गेजमुळे. घड्याळासारखी तबकडी असते, तिच्यातला काटा केसभर हलला तरी लोखंड वाकडं आहे हे कळतं. तो काटा वाचावा तर माझ्या जाऊनेच. इतर लोक चष्मा पुसत बसतात तोवर ही खडूची खूण करून मोकळी झालेली असते.

दुकान मोटरसायकलच्या क्रँकचं. ज्यांना शर्यतीची हौस असते ते इंजिनात मोठा पिस्टन बसवतात, कार्ब्युरेटर बदलतात, सायलेन्सर काढून गल्लीची झोप उडवतात. त्यांतले जे शहाणे असतात ते आधी क्रँक घेऊन आमच्याकडे येतात, बाकीचे अंगाला पट्ट्या बांधून नंतर येतात. क्रँक म्हणजे दोन जाड लोखंडी चाकं आणि त्यांना जोडणारी एक पिन. पिनेवर कनेक्टिंग रॉड लोंबत असतो, त्याच्यावर पिस्टन. कारखान्यात ती पिन चाकांत नुसती दाबून बसवलेली असते. साध्या गाडीला तेवढं पुरतं. ताकद वाढवली की चाकं पिनेवरून सरकतात, इंजिन पळता पळता आवळतं, मागचं चाक जाम होतं आणि स्वार डांबरावर. म्हणून क्रँक आधी सरळ करायचा आणि मग पिनेची दोन्ही टोकं चाकांना वेल्डिंगने जोडून टाकायची. उलटं केलं की संपलं. वाकडा असताना जोडलात तर तो जन्मभर वाकडाच राहतो.

आणि सरळ कसा करतात माहीत आहे? मारून. त्याला दोन माणसं लागतात. एकाने क्रँकचं एक चाक दोन्ही हातांनी धरायचं, दुसऱ्याने दुसऱ्या चाकाच्या कडेवर तांब्याचा हातोडा घालायचा. घाव पडतो तो धरणाऱ्याच्या बोटांशेजारी. म्हणून या धंद्यात एक नियम आहे, आमच्या सासऱ्यांनी घालून दिलेला. धरणाऱ्याने 'हं' म्हटल्याशिवाय ठोकणाऱ्याने ठोकायचं नाही. प्रत्येक घावाला 'हं' पाहिजे. मामंजींचं स्वतःचं एक बोट पेरभर आखूड होतं, तेव्हा नियम कुठून आला ते कोणी विचारत नसे.

आता माझी जाऊ ठोकते आणि मी धरते. पूर्वी ती धरायची आणि तिचा नवरा ठोकायचा. माझे थोरले दीर. चारचौघांत मी त्यांना अहो-जाहो करायचे, आता करत नाही. तो कुठे असतो ते मला ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायचंही नाही. मधल्या काळात ताईने, म्हणजे माझ्या या जाऊने, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, गल्लीतल्या बायकांची कुजबुज ऐकली, स्वतःच्या आईच्याही शिव्या खाल्ल्या. पण ते सगळं नंतरचं.

ताई या घरात आली तेव्हा तिचे वडील लाकडाच्या वखारीत वजनाला होते. काटा वाचणं ती माहेरूनच शिकून आली होती. मामंजींचे तळवे थकले, पकड सुटायला लागली, तसं त्यांनी सुनेला पाटावर बसवलं आणि म्हणाले, "धर." तिने धरला. पहिल्याच दिवशी तिने डोळे मिटले नाहीत म्हणून मामंजी घरभर सांगत फिरले. मी या घरात आले ती तिच्यामागून काही वर्षांनी. मी पहिल्यांदा तो घाव पाहिला तेव्हा मीच डोळे मिटले. हातोडा खाली येताना ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती, काट्याकडे बघत होती.

तिचा नवरा हातोड्याचा उस्ताद होता, हे मी नाकारणार नाही. खूण केली तिथेच घाव, सुईइतका इकडे-तिकडे नाही. दुकानातून घरात यायला मधलं एक दार. त्या दाराच्या अलीकडे हा माणूस बायकोच्या 'हं'ची वाट पाहायचा, पलीकडे गेला की कशाचीच नाही. जेवण गार होतं म्हणून मारायचा, गरम होतं म्हणूनही मारायचा. लाथ, पट्टा, पाण्याचं पातेलं, जे हाती येईल ते. एकदा तिच्या कानातून रक्त आलं, तिला आठवडाभर त्या बाजूने ऐकू येईना. मी भांड्यांचा आवाज करायचे, ओरडायचे, मधे पडायचे, मलाही दोन बसायच्या. मी त्या कधी फुकट घेतल्या नाहीत. एकदा मी त्याच्या दंडाला असा चावा घेतला की व्रण राहिला.

आणि आमचे हे! हे वेल्डर. घरात आरडाओरडा सुरू झाला की हे दुकानात जायचे, डोक्यावरचा मुखवटा खाली ओढायचे आणि काही नसेल तर भंगाराचे तुकडे जोडत बसायचे. मी म्हणायचे, "तुमचा भाऊ तिचा जीव घेतोय आणि तुम्ही काळी काच लावून बसलात?"

"नवरा-बायकोचं आहे. आपण काय बोलणार?"

"असं होय? मग उद्या मी तुम्हाला बडवते. तेही नवरा-बायकोचंच असेल."

ते हसायचे. मला हसू यायचं नाही.

एकदा तिच्या पाठीला तेल लावताना मी म्हटलं, "ताई, त्याचा रागच तसा आहे, त्याला आवरत नाही, असं सगळे म्हणतात."  ती म्हणाली, "दुकानात मी 'हं' म्हणेपर्यंत थांबतात गं ते. कितीही घाई असू दे, हातोडा वरच धरून थांबतात. म्हणजे थांबता येतं त्यांना." माझा तेलाचा हात तिथेच राहिला. एवढी साधी गोष्ट, आणि आमच्यापैकी कोणाच्या टाळक्यात शिरली नव्हती.

मग तो टोळाचा क्रँक आला. टोळ म्हणजे एक शर्यतवाला, लांब पायांचा, गुडघे कानाशी घेऊन गाडीवर बसणारा. त्याने इंजिन मोठं करायला घेतलं होतं. त्या दिवशी दिराला कुठेतरी जायची घाई होती. ताई काटा बघत म्हणाली, "अजून हलतोय." हा म्हणाला, "पुरे झालं, एवढं चालतं." ती पुन्हा म्हणाली, "हलतोय. मी अजून सोडलेला नाही." त्याने तिच्या हातातून क्रँक ओढून घेतला आणि भावापुढे टाकला. "जोड." आमच्या ह्यांनी ताईकडे एकदा पाहिलं, मुखवटा खाली घेतला आणि जोडला. वाकडा तो वाकडाच पक्का झाला.

टोळ परत आला तो लंगडत. भरधाव वेगात इंजिनाने थरथरून थरथरून बेअरिंग खाल्लं होतं आणि मागचं चाक जाम झालं होतं. मांडीचं कातडं गेलेलं, हनुवटीला टाके. त्याने तुटका क्रँक दुकानात असा भिरकावला की फरशीचा टवका उडाला. मग दिराची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं, दोनदा.

"सरळ होता म्हणालास ना? होता का सरळ?"

"होता! तुलाच गाडी चालवता येत नाही."

टोळाने ताईकडे मान वळवली. "काटेवाली, तू सांग. सरळ होता?"

सगळी गल्ली दारात उभी. ताई म्हणाली, "नव्हता."

टोळाने गचांडी सोडली. पिशवीतून नवा क्रँक काढून पाटावर ठेवला. "उद्या संध्याकाळी न्यायला येतो. सरळ करून, पिन पक्की करून. नाही मिळाला तर दुकान पेटवीन." आणि गेला.

 दिराने शांतपणे हात धुतले.  मधल्या दारातून आत गेल्यावर त्याने ताईचा डावा हात धरला, दाराच्या फटीत घातला आणि अंगाचा सगळा भार टाकून दार लोटलं. मनगटाचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. तिची किंकाळी त्याच्यानंतर आली. मी धावले तर तो तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन सांगत होता, "पुढच्या वेळी डोकं घालीन यात. चार लोकांत मला खोटं पाडतेस? डोकं घालीन."

तो ते करेल, हे मला माहीत होतं आणि तिलाही. मी तिला दवाखान्यात न्यायला निघाले तर हा दारात आडवा. "क्रँक झाल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही. गल्लीत शोभा करायची नाही." मी त्याला तोंडाला येईल ते बोलले, त्याने मला ढकललं, माझं डोकं चौकटीवर आपटलं. शेवटी मी दोन लाकडी पट्ट्या आणि जुन्या साडीची चिंधी घेऊन तिचं मनगट बांधलं. सकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला, बोटं काळीनिळी. हाड वेळेवर बसवलं नाही तर या हाताने पुन्हा काही धरता येणार नाही, हे सांगायला डॉक्टर नको होता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ठोकायला तो होता, पण धरायला कोण? शेजारच्या दुकानांत विचारून आला. एकेकाने कामं काढली. खरं म्हणजे सगळ्यांनी किंकाळी ऐकली होती.

तो भावाला म्हणाला, "तू धर."

आमचे हे म्हणाले, "मी नाही धरणार, दादा. मला बोटं लागतात."

आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी भावाला नाही म्हटलं, तेही बोटांसाठी. असो, सुरुवात तर झाली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुमच्या हातोड्याखाली माझी सावलीसुद्धा पडायची नाही."

बाहेर टोळ येऊन बसला होता, बरोबर दोन दांडगे. टेंपो दाराशी लावलेला. ताई खुर्चीवरून उठली. डावा हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "तुम्ही धरा. मी ठोकते. उजवा हात चांगला आहे माझा."

तो हसला. खो खो हसला. मग बाहेर पाहिलं आणि हसायचा थांबला. दुसरा मार्गच नव्हता. गल्लीने आपल्याला धरताना बघू नये म्हणून त्याने शटर अर्ध्याच्या खाली ओढलं.

ताईने क्रँक गेजवर चढवायला सांगितला, एका हाताने फिरवला, काटा वाचला, चाकाच्या कडेला खडूने रेघ मारली. "इथे." तो पाटावर बसला आणि चाक दोन्ही हातांत धरून बसला. ताईने तांब्याचा हातोडा उचलला. वर नेला. आणि थांबली.

"मार ना," तो म्हणाला.

"म्हणा आधी."

"मार गं! नाटकं करू नकोस."

"नाटक कसलं? मामंजींचा नियम आहे. धरणाऱ्याला कळायला पाहिजे, घाव कधी येणार ते."

त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्याची नजर हातोड्यावर, तिथून तिच्या बांधलेल्या मनगटावर, पुन्हा हातोड्यावर. मी कोपऱ्यातून बघत होते. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली पडला. तांब्याचा तो हातोडा, तीच खूण, तीच जागा, आणि त्याची पाचावर धारण बसली होती. आता ताईच्या मनात काय होतं म्हणाल, तर मी तिला नंतर विचारलंय. ती म्हणाली, "मला क्रँक सरळ करायचा होता. संध्याकाळच्या आत दवाखान्यात जायचं होतं." मी तिच्यावर विश्वास ठेवते. पण त्याला ते कसं कळणार? स्वतः काय केलं असतं ते त्याला चांगलं माहीत होतं.

त्याचे हात थरथरायला लागले. दोन चाकांच्या मधे लोंबणारा रॉड खट खट वाजायला लागला. आमच्या ह्यांनी मुखवटा वर केला. दुकानात तो एकच आवाज, खट खट खट.

ताई म्हणाली, "मी रोज म्हणत आले. एक शब्द आहे."

त्याने क्रँक तिच्यावर फेकला. तो थेट तिच्या बांधलेल्या हातावर बसला. ती किंचाळून कोसळली, हातोडा घरंगळला, याने तो उचलला आणि तिच्या डोक्याच्या दिशेने वर नेला. नेम धरायला त्याला वेळ लागत नसे. पण मधे आमचे हे आले. "दादा, बास!" घाव ह्यांच्या खांद्यावर पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं, हे मटकन खाली बसले. त्याने हातोडा पुन्हा उगारला. माझ्या हाताशी शटर ओढायची सळई होती. मी ती दोन्ही हातांनी त्याच्या गुडघ्याच्या मागे अशी हाणली की मलाच झिणझिण्या आल्या. तो पुढे पडला, हातोडा सुटला, आणि स्वतःला सावरायला त्याने उजवा पंजा गेजच्या लोखंडी पाटावर टेकला.

ताई तोवर गुडघ्यावर उठली होती. हातोडा तिच्यासमोर आला होता. तिने उचलला. या वेळी ती कशासाठीच थांबली नाही. एकच घाव, पंजाच्या बरोबर मधे.

तांबं मऊ म्हणून आम्ही वापरतो, लोखंडावर त्याची खूण उठत नाही. हाडाची गोष्ट वेगळी. तो असा ओरडला की बाहेर टोळाने शटर वर लोटलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ओठावर आलं होतं, ताई, अजून एक. तिने मात्र हातोडा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. धापा टाकत होती. तिच्या पट्ट्या मोडून चिंधीतून रक्त येत होतं.

दुकान पेटवायला आलेला टोळ ते बघून चार पावलं मागे सरला. त्यानेच मग आम्हाला टेंपोत घातलं. गाड्या बांधायच्या दोऱ्यांमधे आम्ही चौघं, त्यात धडधाकट मी एकटी. एका बाजूला तो कण्हतोय, एका बाजूला आमचे हे. ताई टोळाला म्हणाली, "तुमचा क्रँक पडला. तो आता वापरू नका."

"राहू दे हो, बाई," तो म्हणाला. त्याचे दांडगे ड्रायव्हरशेजारी मान खाली घालून बसले होते.

दवाखान्यात तिघांना एकाच बाकावर बसवलं. डॉक्टर तरुण होते, सकाळपासून उभे असावेत. त्यांनी आधी दिराचा पंजा पाहिला. "हे कसं झालं?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हा दात आवळून म्हणाला, "मशीनमधे आला. काम करताना."

"आणि तुम्हाला?"

आमचे हे माझ्याकडे बघत पुटपुटले, "पडलो."

डॉक्टर ताईकडे वळले. तो तिच्याकडे बघत होता. हात मोडलेला, तोंड वेदनेने वाकडं, तरी डोळ्यांत तीच जुनी धमकी.  तिने खरं सांगितलं तर तीच तुरुंगात जायची, एवढंच माझ्या डोक्यात. मी घाईघाईने म्हटलं, "ती पण पडली, डॉक्टर. जिन्यावरून."

"नाही," ताई म्हणाली. "यांचा पंजा मी मोडला. हातोड्याने, मुद्दाम. माझा हात यांनी काल दारात घालून मोडला. आणि भाऊजी मधे आले म्हणून त्यांचं हाड यांनी मोडलं."

 डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, विचार करून बोला. हे मला पोलिसांना कळवावं लागेल. तुमच्यावरही गुन्हा येईल."

"येऊ दे."

"ताई!" मी तिचा पदर ओढला.

तिने माझा हात बाजूला केला. डॉक्टरांना म्हणाली, "काम करताना लागलं असं ठरलं, तर पट्टी बांधून तुम्ही आम्हाला घरी पाठवाल. आम्ही दोघं एकाच घरात जाऊ. यांचा डावा हात अजून चांगला आहे."

डॉक्टरांनी दारातल्या शिपायाला पोलिसांना बोलवायला सांगितलं. मग बाकावरच्या तिघांपैकी त्यांनी आधी तिलाच आत घेतलं.